इंजिनाचे डागिने

फोन आला तेव्हा मी चक्कीवर गव्हाच्या डब्यापाशी उभा होतो. चक्की चालू असली की माणसाला अर्धंच ऐकू येतं, आणि मला एरवीही तेवढंच येतं असं आमच्या घरातलं मत आहे. पलीकडे वैशाली होती, माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीची मुलगी. ती म्हणाली, "मावसाजी, बाबा गेले." मी विचारलं, "कधी निघाले? माल कोणता भरला?" आवाजात तिला ऐकू गेलं नसेल असं समजून मी आणखी मोठ्यानं सांगितलं, "ऊन लई आहे, दुपारचं झाडाखाली थांबून घ्या म्हणा त्यायले. अन् वापस कधी येऊन राहिले?" चक्कीवाल्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग वैशालीनं तेच दोन शब्द पुन्हा, अगदी हळू उच्चारले... आणि या खेपेला माल नव्हता हे मला कळलं.

माझ्या बाजूनं एवढंच म्हणता येईल की देवराव साडभाऊंच्या घरी कधीही फोन केला तरी हेच उत्तर मिळत आलं होतं. साडभाऊ म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. पुण्याकडे साडू म्हणतात, आम्ही भाऊ जोडतो. साडभाऊ आहेत का? नाही, गेले. कुठं? हैदराबादले. किंवा रायपूरले, किंवा अजून सांगितलं नाही. त्यांचा एकच ट्रक होता आणि तो ते स्वतः चालवत. हंगामात नरखेड तालुक्यातला संत्रा, हंगाम संपला की सिमेंट, सरकी, फरशी, जे मिळेल ते. गेलेला माणूस परत येतो अशी त्या घराची पद्धतच होती. त्यामुळे मी विचारलं त्यात तसं चुकीचं काही नव्हतं, फक्त ते चक्कीवर ओरडून विचारायला नको होतं.

साडभाऊंचं घर मनीषनगरच्या मागच्या अंगाला. घर बांधलं तेव्हा आजूबाजूला मोकळे प्लॉट होते आणि ट्रक दाराशी ऐटीत उभा राहायचा. पुढे चारही बाजूंनी फ्लॅट झाले, वरच्या गॅलऱ्यांमधून लोक ट्रकच्या टपाकडे नापसंतीनं पाहू लागले, तरी ट्रक तिथेच राहिला. बाहेरून पाहिलं तर त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्यांच्या ट्रकांवर कमळं, मोर, गोंडे, मागच्या फाळक्यावर शेर लिहिलेले असतात. यांच्या फाळक्यावर फक्त नंबर. साडभाऊंची सगळी हौस आत, झाकणाखाली होती. ट्रक जुन्या धाटणीचा होता. त्यात इंजिन अर्धं पुढच्या नाकात आणि अर्धं कॅबिनमध्ये, ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधोमध येतं. त्यावर लोखंडी झाकण असतं, त्यालाच बोनेट म्हणतात, आणि त्या झाकणावर मंदाताईंनी शिवलेली गोधडी अंथरलेली असे. मंदाताई म्हणजे साडभाऊंची बायको, माझी मोठी मेव्हणी. पाहुणा कॅबिनमध्ये चढला की साडभाऊ आधी चप्पल काढायला लावत, मग गोधडी बाजूला सारत आणि झाकण उचलून म्हणत, "पाह्य आता."

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाकून पुन्हा पाहिलं होतं. ट्रकचं इंजिन म्हणजे काळं, तेलकट, वर मातीचा थर, अशी माझी समजूत. इथे इंजिनाच्या डोक्यावरचं, टॅपेटचं लांबट कव्हर आरशासारखं लखलखत होतं, इतकं की त्यात मला माझी हनुवटी दिसली आणि ती दोन असल्याचं तेव्हाच लक्षात आलं. हवेचा जाड पाइप हिंगण्याच्या एमआयडीसीत नेऊन त्याला भट्टीतलं पावडर कोटिंग करून आणलं होतं, रंग पिकल्या संत्र्याचा. डिझेलच्या बारीक नळ्यांना निकेलचं पाणी दिलेलं. पुलीवर क्रोम. बोल्ट सगळे स्टीलचे, एकालाही गंज नाही. या सगळ्याला साडभाऊ 'डागिने' म्हणत, आमच्याकडे दागिन्यांना म्हणतात तसं. "यंदा एक डागिना केला," असं त्यांनी सांगितलं की मी ताईंच्या गळ्याकडे पाहत असे, आणि ताई मला सांगत, "तिकडं काहून पाहता, जवाईबापू? त्या सवतीचं सांगून राहिले ते."

ही हौस एकदम जमून आलेली नव्हती. सुरुवातीला त्यांनी धुराच्या बाजूचा तापणारा भाग, ज्याला ते मॅनिफोल्ड म्हणत, तो घरच्या घरी साध्या चंदेरी रंगानं रंगवला. खिडकीच्या गजांना लावतात तोच रंग. नेमका त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर काटोलकडे निघालो होतो आणि गोधडीवर बसलो होतो. शहर सुटत नाही तोच कॅबिनमध्ये असा धूर आणि असा वास सुटला की मी गाडी पुरती थांबायच्या आत पिशवीसकट खाली उतरलो आणि पलीकडच्या पानठेल्यामागे जाऊन उभा राहिलो. पिशवीत एक किलो बालूशाही होती, ती वाचवली असं मी पुढे अनेकदा सांगितलं. साडभाऊंनी शांतपणे झाकण उचललं, आत पाहिलं आणि मला हाक मारली, "या साडभाऊ, काही नाही, रंग जळून राहिला फक्त. तिले पसंत नाही पडला." मग वाडीतल्या शकीलभाई मिस्त्रींनी त्यांना उष्णता सोसणारा लेप कुठे मिळतो ते सांगितलं. तो लावायचा, इंजिन थोडं तापवायचं, थंड होऊ द्यायचं, पुन्हा तापवायचं, म्हणजे तो हळूहळू अंगात मुरतो. तो दिवसभराचा कार्यक्रम त्यांनी एका रविवारी दारात केला. वरच्या गॅलरीतल्या एका गृहस्थांनी गाडी चालू-बंद, चालू-बंद होताना पाहून बॅटरी गेली असेल अशी कळकळीनं सूचना केली होती.

कोणीतरी त्यांना विचारायचंच, एवढं करता पण दिसते कोणाले? मीही विचारलं होतं. ते म्हणाले, "बैलाच्या शिंगाले आपण हिंगूळ लावतो, तो बैलाले कुठं दिसते?" साडभाऊ शेतकऱ्याच्या घरातले. धाकट्या भावाच्या वाट्याला बाग गेली, ट्रॅक्टर आला, गोठ्यातली बैलजोडी विकली गेली. लोक दसऱ्याला गाडीची पूजा करतात; हे दसऱ्याला नुसतं फूल वाहत आणि खरा सण पोळ्याला करत. आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी होते, तूप-हळद लावून खांदे शेकतात आणि बैलाला जेवणाचं निमंत्रण देतात. साडभाऊ झाकण उघडून इंजिनाला मऊ फडक्यानं पुसत आणि अगदी गंभीरपणे म्हणत, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." दुसऱ्या दिवशी पुरणाची पोळी. ती ताईच करत, मन लावून करत, तुपाची वाटी भरून देत, पण ताट घेऊन कॅबिनपाशी आल्या की तोंड पलीकडच्या भिंतीकडे फिरवून ताट आत देत. "पाहून घे वं एकदा," साडभाऊ म्हणत. "मी नाही पाहत," ताई भिंतीला सांगत.

त्यांनी पाहायचं नाही असं का ठरवलं, हे आमच्या सगळ्या नात्यात ठाऊक आहे. ताईंच्या लग्नात आमच्या सासूबाईंनी त्यांना पितळेचा गुंड, म्हणजे पाणी भरून ठेवायचा मोठा हंडा, दिला होता. माझ्या लग्नापर्यंत स्टीलचा जमाना आला, आम्हाला पिंप मिळालं, म्हणून तो गुंड मला चांगला आठवतो. गळ्यापाशी ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलं होतं, 'चि. सौ. मंदा हिस आई' आणि पुढे सासूबाईंचं नाव. सासूबाई गेल्या त्याच वर्षी साडभाऊ टॅपेटचं कव्हर पॉलिशला घेऊन निघाले होते, आणि जाता जाता गुंडही उचलून घेऊन गेले. चिंच लावून लावून ताईंची बोटं झिजतात, मशीनवर एकदा मस्त उजळून येईल, ताई खूश होतील, एवढाच हेतू. गुंड खरोखरच मस्त उजळून आला. आरसाच. आणि गळ्यापाशी नाव नव्हतं. फिरत्या चाकावर ते ठिपके कधी पुसले गेले ते पॉलिशवाल्यालाही कळलं नाही. ताई रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. गुंड हातात फिरवून फिरवून पाहिला, मग जागेवर ठेवला आणि म्हणाल्या, "तुमच्या त्या इंजिनाचं मी तोंड नाही पाहणार." साडभाऊंना वाटलं, दोन दिवसांचा राग आहे.

काही महिन्यांनी साडभाऊ ते कव्हर घेऊन इतवारीतल्या भांडे ओळीत गेले. तिथे भांड्यांवर नावं घालणारा बसतो. ट्रकच्या इंजिनाचं कव्हर पुढे ठेवलेलं पाहून त्यानं आधी हे कोणतं भांडं आहे आणि ह्यात काय शिजवतात असं विचारलं म्हणे. साडभाऊंनी गुंडावर होता तोच मजकूर त्याच्याकडून कव्हरवर घालून घेतला. बस एवढंच केलं, कोणाला काही समजावून सांगितलं नाही. परिणाम असा झाला की झाकण उघडणाऱ्या प्रत्येकाला, ही गाडी सासूबाईंनी लेकीला दिली असं लेखी वाचायला मिळू लागलं. शकीलभाईंनी पाहिल्यावर विचारलंच, "क्या देवरावभाऊ, गाडी ससुराल से मिली क्या?" साडभाऊ म्हणाले, "और क्या." आमच्या सासूबाईंनी या जावयाला आयुष्यात एक गुंड आणि भरपूर टोमणे यापलीकडे काही दिलं नव्हतं, हे मला माहीत असल्यामुळे मी फार हसलो. तेही हसले. मग म्हणाले, "हसा तुम्ही. पण तिनं एकदा पाहून घेतलं पाहिजे."

आणि ते तिथेच अडलं. नाव कोरलं आहे हे ताईंना वैशालीनं सांगितलं होतं, माझ्या बायकोनं सांगितलं होतं, मी तर दोनदा रंगवून सांगितलं होतं. त्या ऐकून घेत. बाकीचे डागिने दर वर्षी पॉलिशवाल्याकडे जात. ते कव्हर पुन्हा कधी मशीनवर गेलं नाही. साडभाऊ ते हातानं, फडक्यानं, अक्षरांच्या बाजूनं पुसत, त्यामुळे सगळ्या लखलखाटात तेवढंच जरा मंद दिसायचं. पोळा यायचा, ताट यायचं, "पाहून घे वं," भिंत, "मी नाही पाहत." त्यात राग उरला होता की नुसती सवय, हे त्या दोघांनाही सांगता आलं नसतं असं मला वाटतं. वैशाली लहानाची मोठी झाली, तिचं लग्न झालं, साडभाऊंनी लांबचे फेरे सोडून जवळचे धरले. संवाद तोच राहिला.

गेले ते घरीच, दुपारी, जेवण करून आडवे झाले असताना. ट्रक दारात उभा होता. तेराव्यानंतर ट्रकचं काय, हा प्रश्न आला. घरात चालवणारं कोणी नाही. मला गाडी रिव्हर्स घ्यायला पंधरा मिनिटं लागतात, आणि मी स्कूटरबद्दल बोलतो आहे. शकीलभाईंनी सावनेरकडचा एक घेणारा आणला, विटांच्या कामाला ट्रक पाहिजे होता त्याला. साधा, शेतीवाडीचा माणूस. झाकण उचलून त्यानं आतलं वैभव पाहिलं आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "हे चमकणारं तुम्हाले काढून ठेवायचं असन तर ठेवा, काकू. मले गाडीशी मतलब."

न्यायचा दिवस ठरला तेव्हा आम्ही दोघं तिथे गेलो होतो. ताई दारात खुर्चीवर बसल्या होत्या. व्यवहार झाला, चावी द्यायची वेळ आली आणि ताई म्हणाल्या, "दावं ठेवल्याबिगर गाडी नाही हलणार." हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. गोठ्यातलं जनावर विकलं तरी त्याच्या गळ्यातलं दावं कोणी देत नाही. दावं घरी राहतं, घेणारा आपलं नवं दावं घेऊन येतो. ट्रकच्या बाबतीत हे पाळल्याचं मी ऐकलं नव्हतं, पण सावनेरचा माणूस लगेच म्हणाला, "बरोबर हाय काकू, ठेवा." आता ट्रकचं दावं म्हणजे नेमकं काय, यावर तिथे उभ्या उभ्या चर्चा सुरू झाली. सावनेरवाला म्हणाला, चावीला अडकवलेलं देवीचं चित्र ठेवा. वैशाली म्हणाली, आरशाला बांधलेली काळी बाहुली. मी विचार करून फॅनबेल्ट सुचवला. आकारानं दाव्याच्या सगळ्यात जवळचा तोच होता. शकीलभाईंनी माझ्याकडे आदरानं पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, फिर सावनेर तक धक्का आप मारना." खरं म्हणजे सगळ्यांच्या मनात ते कव्हरच होतं, पण त्याचं नाव कोणी काढत नव्हतं. शेवटी वैशालीच म्हणाली, "आई, तूच पाहून सांग ना काय ठेवायचं ते."

ताईंना पाहायचं नसतं तर त्या बाहुली घेऊन मोकळ्या झाल्या असत्या, कोणी काही म्हटलं नसतं. माझी बायको माझ्या शेजारी उभी होती, तिनं माझा दंड धरला, बहुतेक मी काही बोलू नये म्हणून. मग ताई उठल्या. कॅबिनची पायरी उंच. शकीलभाईंनी संत्र्याची रिकामी पेटी उलटी करून पायाशी ठेवली. ताई वर चढल्या, चप्पल खाली काढून चढल्या. त्यांनी स्वतः गोधडी उचलली, घडी केली आणि मांडीवर घेतली. शकीलभाईंनी दुसऱ्या बाजूनं झाकण उघडलं.

इतके दिवस कोणी हात लावला नव्हता, म्हणून सगळ्यावर बारीक धूळ बसली होती. तरी चमक लपत नव्हती. ताईंनी आधी त्या कव्हरकडे पाहिलंच नाही. लग्नात दुसऱ्यांच्या मुलीचे डागिने पाहावेत तसं त्या एकेक पाहत होत्या. "हे काय हाय?" "हवा का पाइप, भाभी." "अन् हे?" "डिझेल की नली." "हे कायले एवढं पांढरं?" शकीलभाईंनी लेपाची सगळी गोष्ट सांगितली. मग ताईंनी पदराच्या टोकानं कव्हरवरची धूळ पुसली आणि अक्षर अक्षर लावत वाचलं, "चिरंजीव सौभाग्यवती मंदा हिस... आई गिर्जाबाईकडून."

"गिर्जाबाई," त्या पुन्हा म्हणाल्या. ते कव्हर मी कितीदा वाचलं होतं, आणि 'गिरजा'चं 'गिर्जा' करून र जाच्या डोक्यावर चढवल्याबद्दल दर वेळी मनातल्या मनात त्या नाव घालणाऱ्याची कीव केली होती. ताई म्हणाल्या, "गुंडावर असंच चुकलं होतं. आई म्हणे, भांडेवाल्यानं माह्या नावातलं एक अक्षर खाल्लं, पण लग्नाच्या गडबडीत वापस कोण नेते." मग साडभाऊंच्या स्टिअरिंगकडे पाहून, कोणाला असं नाही, पण म्हणाल्या, "यायच्या कसं ध्यानात राहिलं..."

शकीलभाईंनी पान्हा हातात घेतला होता. हळूच विचारलं, "खोलूं, भाभी? सादा कव्हर मैं अभी मंगाता." ताईंनी मान हलवली. "नाही. राहू द्या. आई काटोलच्या पुढं कधी गेली नाही. फिरू द्या तिले." मग सावनेरच्या माणसाकडे वळून, भाजीवाल्याला सांगावं तशा आवाजात, "पोळ्याले पुसत जा. मशीनवर नका देऊ, नाव जाते." तो हो म्हणाला. "अन् दावं, काकू?" ताईंनी मांडीवरची गोधडी दाखवली. "हे माहं हाय. मीच शिवलं होतं. हेच दावं." त्या खाली उतरल्या आणि गोधडी घेऊन सरळ आत गेल्या. ट्रक मागे घेताना मी बाहेर उभा राहून "आन दे, आन दे" केलं, आणि एका फ्लॅटवाल्यांची तुळशीची कुंडी थोडी हलली, पण फुटली नाही.

परवा आम्ही ताईंकडे जाऊन आलो. बाहेरच्या खोलीत दिवाणावर ती गोधडी अंथरलेली आहे. मधोमध, जिथे झाकणाचा ताप लागायचा तिथे, ती पिवळट पडली आहे आणि तिला डिझेलचा वास येतो. ताईंनी मला तिच्यावरच बसवलं. चप्पल घालूनच मी आत आलो होतो, ती बसताना नकळत काढली. ताई पाहत होत्या. चहा झाला, वैशालीच्या मुलाच्या शाळेचं बोलणं झालं. साडभाऊंचा विषय कोणी मुद्दाम काढला नाही आणि टाळलाही नाही.

परतताना वर्धा रोडच्या सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा मला राहवलं नाही. घरातल्या प्रत्येक गोष्टीचा शेवट मीच सांगायचा अशी मला खोड आहे. मी मागे मान वळवून बायकोला म्हटलं, "काही म्हण, ताईंनी शेवटी साडभाऊंना माफ केलं."

"माफी कोणी मागतली होती?" ती म्हणाली. "भाऊजी नुसतं पाहून घे म्हणत होते. पाहून घेतलं तिनं. अन् उशीर म्हणसान, तर गाडीवाल्याच्या घरी तो होतेच."